बादलीच्या आधीची कामं: दक्षिण फिनलंडमधल्या बेरी-हंगामाची तयारी

जुलैत बादली विकत घेऊन सुरुवात करायची म्हटलं, तर त्या वर्षीची अर्धी तयारी हुकलेली असते. गोचिडीच्या आजारावरची लस हिवाळ्यातच सुरू करावी लागते. अंगणातलं झुडूप आदल्या सप्टेंबरात जमिनीत गेलेलं बरं. कुठल्या जंगलात काय पिकणार, हे तर फुलं असतानाच पाहून ठेवायचं असतं. म्हणून ही यादी फेब्रुवारीत सुरू होते आणि पहिल्या बर्फापाशी थांबते. ती हेलसिंकी, एस्पो, व्हान्टा, टुर्कू या दक्षिण पट्ट्यासाठी आहे. लॅपलंडमध्ये हाच क्रम दोन-तीन आठवडे पुढे जातो.

फेब्रुवारीत लस. फिनलंडच्या किनारपट्टीवर, बेटांवर आणि ओलांडमध्ये गोचिडीमार्फत मेंदूज्वराचा विषाणू पसरतो. त्यावरच्या लशीचे तीन डोस असतात. पहिल्या दोन डोसांत एक ते तीन महिन्यांचं अंतर असतं आणि तिसरा लशीच्या प्रकारानुसार पाच ते बारा महिन्यांनी. फेब्रुवारीत पहिला घेतला, तर जंगलात पाऊल टाकण्याआधी दोन सहज होतात. गोचिडीमुळे होणारा दुसरा आजार, बोरेलिओसिस, या लशीने टळत नाही. त्याला उपाय रोज संध्याकाळचा: गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानामागे, मुलांच्या केसांच्या कडेला नीट बघायचं. गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडून सरळ वर ओढायची. तेल, लोणी, काडीचा चटका यातलं काही करू नये, वेळ जातो आणि गोचीड चिकटलेलीच राहते. चावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत गेला तर आरोग्यकेंद्र गाठायचं.

मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळत असताना कायद्याची ओळख करून घ्या. फिनलंडमध्ये 'योकामिएहेनओइकेउस' म्हणजे प्रत्येकाचा हक्क चालतो. जंगल कोणाच्याही मालकीचं असो, तिथे चालायला, जंगली बेऱ्या आणि अळंबी वेचायला परवानगी लागत नाही. वेचलेल्या बेऱ्या स्वतः विकल्या तरी त्या उत्पन्नावर आयकर नाही. हक्काच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. घराचं आवार, बाग आणि पेरलेलं शेत यांत शिरायचं नाही. शेवाळ, जमिनीवरचं दगडफूल, झाडाची साल, ओली फांदी, पडलेलं झाड यांतलं काही जमीनमालकाला विचारल्याशिवाय उचलायचं नाही. पुलावाच्या मसाल्यातलं दगडफूल आठवून कोणी खडकावरचं पांढुरकं दगडफूल पिशवीत भरू नये, म्हणून हे मुद्दाम सांगायचं. गाडी रस्ता सोडून आत घालायची नाही. मालकाच्या परवानगीशिवाय शेकोटी नाही, आणि वणव्याचा इशारा लागू असेल तेव्हा परवानगी असली तरी नाही. नूक्सिओ, सिपोओनकोर्पी अशा राष्ट्रीय उद्यानांत बेऱ्या वेचता येतात. फक्त प्रवेशबंदी असलेला भाग नकाशावर आधी पाहून घ्यावा. कडक संरक्षित निसर्गक्षेत्रात मात्र हात लावायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जे घाईत राहून जातं: मे अखेरीस आणि जूनमध्ये रिकाम्या हाताने जंगल पाहून येणं. १९०९ साली आइमो कायांडर या फिनिश वनशास्त्रज्ञाने जमिनीलगतच्या वनस्पतींवरून जंगलाचे प्रकार ठरवायची पद्धत मांडली. पुढे ते देशाचे पंतप्रधानही झाले. त्या पद्धतीत एका जंगलप्रकाराचं नावच मुस्तिक्काचं आहे आणि दुसऱ्याचं पुओलुक्का या आंबट लाल बेरीचं. म्हणजे जंगलाचा प्रकार ओळखला की तिथे काय मिळणार याचा अंदाज बांधता येतो. मुस्तिक्का, म्हणजे रानातली निळी बेरी, जुन्या स्प्रूसच्या किंवा मिश्र जंगलात, अर्ध्या सावलीत, ओलसर पण पाणी न साचणाऱ्या जमिनीत असते. गर्द काळोख्या जंगलात तिची पानं भरपूर आणि फळं तुरळक. सगळी झाडं तोडून मोकळं केलेल्या तुकड्यावर तिची झुडपं वाळून जातात. पुओलुक्काचं उलट असतं. कोरडं पाइनचं जंगल, खडकाळ माथा, काही वर्षांपूर्वी तोड झालेली मोकळी उन्हाची जागा तिला मानवते. एकाच टेकडीवर उताराला मुस्तिक्का आणि माथ्यावर पुओलुक्का मिळते ती यामुळे.

फुलोऱ्याच्या दिवसांत हवामानाची नोंद ठेवा. मुस्तिक्काची फुलं घंटेसारखी, फिकट गुलाबी, पानाखाली लपलेली असतात. त्या आठवड्यांत रात्री पारा शून्याखाली गेला तर फुलं करपतात, आणि थंड पाऊस लागून राहिला तर भुंगे बाहेरच पडत नाहीत. भुंगे नाहीत तर फळही नाही. थंड हवा पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगट जागी साठते. तेव्हा मे-जून थंड गेला असेल त्या वर्षी खोलगट भाग सोडून टेकडीच्या मधल्या उतारावर शोधा. हिवाळाही पाहावा लागतो. बर्फाचं पांघरूण पडण्याआधी कडाका आला असेल तर मुस्तिक्काच्या डहाळ्या मरतात, आणि वसंतात तपकिरी कोरडे शेंडे दिसतात. अशा जागा नकाशावर खोडून टाका. खुणा केलेला नकाशा फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे असू द्या.

पिकण्याचा क्रम पाठ असावा. जून अखेरीपासून रस्त्याकडेला, उन्हाच्या बांधावर रानस्ट्रॉबेरी. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टभर मुस्तिक्का. जुलैच्या उत्तरार्धात दलदलीत लाक्का, म्हणजे क्लाउडबेरी; तिलाच उत्तरेत हिल्ला म्हणतात. जुलै अखेरीपासून जुन्या तोडीच्या जागांवर वादेल्मा, म्हणजे रासबेरी. ऑगस्ट अखेरीपासून सप्टेंबरभर पुओलुक्का. सप्टेंबर अखेरीपासून दलदलीतलं कार्पालो, म्हणजे क्रॅनबेरी. दोन ठिकाणी रंग फसवतो. लाक्काचं फळ आधी लाल आणि कडक असतं, पिकल्यावर ते मऊ आणि मधासारखं पिवळट केशरी होतं. म्हणजे लाल दिसलं की ते कच्चं, तिथे थांबायचं. शिवाय लाक्काची नर आणि मादी रोपं वेगळी असतात, त्यामुळे पांढऱ्या फुलांनी भरलेली दलदल फळांच्या वेळी रिकामी सापडू शकते. पुओलुक्काची एक बाजू पांढरी असेल तर ती तशीच झुडपावर राहू द्या. तोडल्यावर लाली चढते, चव चढत नाही.

विषारी फळांची ओळख हंगामाआधी घरात बसून करावी, जंगलात उभं राहून नव्हे. सुदेनमार्या: एकाच देठावर चार पानांचं चक्र आणि मधोमध एकच निळं-काळं फळ. मुस्तिक्काच्या घोळक्यात ते सहज मिसळतं. मुस्ताकोन्नानमार्या: दमट, सुपीक जागी, एकाच दांडीवर चकचकीत काळ्या फळांचा घोस. किएलो: मोठी रुंद पानं आणि देठाला लटकलेली नारिंगी-लाल फळं. नॅसिआ: लाल फळं थेट लाकडी खोडाला चिकटलेली, लांबून बागेतल्या लाल करंट या बेरीसारखी दिसतात आणि अतिशय विषारी असतात. युओलुक्का ही मुस्तिक्कासारखीच दिसणारी दुसरी बेरी, तिच्याशी गोंधळ झाला तर निदान धोका नसतो. मुस्तिक्काची डहाळी हिरवी आणि कंगोरेदार असते, युओलुक्काची तपकिरी आणि गोल. मुस्तिक्का चिरडली की आतूनही जांभळी, जांभळासारखी जीभ रंगवणारी. युओलुक्काचा गर फिका. पुओलुक्काच्या पानाखाली गडद ठिपके असतात. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पिठूळ सिआनपुओलुक्काच्या पानाला ठिपके नसतात, जाळीदार शिरा असतात. लहान मुलांना एकच नियम द्या: मोठ्यांना दाखवल्याशिवाय तोंडात काही नाही. फिनलंडच्या विषमाहिती केंद्राचा क्रमांक ०८०० १४७ १११ फोनमध्ये साठवून ठेवा. तो मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो. श्वास किंवा शुद्ध यांवर परिणाम दिसत असेल तर थेट ११२.

पिशवी जूनमध्येच भरून ठेवा. दोन माणसांना अर्ध्या दिवसासाठी झाकणाच्या दोन १० लिटरच्या बादल्या पुरतात. त्या खाण्याच्या वस्तूंसाठीच्या असाव्यात, तळाशी पेला आणि काट्याची खूण शोधा. रंगाची जुनी बादली कितीही धुतली तरी नको. प्रत्येकाच्या कमरेला दोन-तीन लिटरचा छोटा डबा बांधा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि घसरून पडलं तर सांडतं तेही थोडंच. मार्यापोइमुरी म्हणजे फणीसारखे दात असलेलं हातखोरं. घेताना दात पाहा: फळ अडेल आणि पान निसटेल एवढी फट हवी, टोकं गोलसर हवीत. कडा धारदार असल्या तर डहाळ्या कापल्या जातात. बाकी सामानात प्रत्येकी दीड लिटर पाणी, पोटभर डबा, कोरडे मोजे, पावसाचं जॅकेट, चिमटा, बँडेज, शिट्टी, होकायंत्र, कागदी नकाशा, पूर्ण चार्ज केलेला फोन आणि पॉवर बँक. 'एकशेबारा सुओमी' हे अॅप आधीच उतरवून घ्या. त्यातून मदतीचा फोन लावला की तुमची जागा नियंत्रण कक्षाला आपोआप कळते. वेचताना नजर जमिनीवर असते आणि पन्नास पावलांत दिशा हरवते. त्यामुळे गाडीपासून निघतानाच रस्ता कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्रावर पाहून लिहून ठेवायचं. जुलैच्या मध्यात हेलसिंकीत रात्री साडेदहापर्यंत सूर्य असतो, सप्टेंबरच्या मध्यात तो पावणेआठलाच मावळतो. पुओलुक्काच्या वेळी परतीची वेळ जुलैच्या सवयीने ठरवू नका.

कपडे फिक्या रंगाचे आणि अंगभर, म्हणजे गोचीड दिसते. पँट मोज्यात खोचलेली, पायात गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट. कीइ हा फिनलंडमधला एकमेव विषारी साप खडकांवर ऊन खात पडलेला असतो आणि बहुधा पावलांच्या हादऱ्यानेच सरकतो. चावलाच तर हात-पाय हलवायचा नाही, जखम चोखायची-कापायची नाही, आणि ११२ ला फोन. जुलैत डासांसाठी डोक्यावरून जाळी. ऑगस्टपासून हिर्विकॅर्पॅनेन येते. ही चपटी माशी अंगावर उतरली की पंख टाकते आणि केसांत शिरते. तिच्यासाठी घट्ट टोपी आणि गळाबंद शर्ट हवा. सप्टेंबरपासून शिकारीचाही हंगाम असतो, म्हणून अंगात भडक नारिंगी बंडी घाला.

वेचायचा दिवस कोरडा निवडा. ओल्या फळांना पानं चिकटतात आणि घरी दुप्पट वेळ जातो. खोरं फळांच्या खालून सरकवून हळूच वर कलतं करायचं. हिसका दिला की कोवळे शेंडे तुटतात, आणि पुढच्या वर्षीच्या कळ्या तिथेच असतात. एका डब्यात एकच जात, म्हणजे चुकीचं फळ लगेच नजरेत येतं. १० लिटर मुस्तिक्काचं वजन सहा-साडेसहा किलो भरतं, आणि त्या वजनाखाली तळातली फळं फुटतात. म्हणून बादली दोन तृतीयांश भरली की दुसरी घ्यावी. लाक्का खोऱ्याने कधीच काढायची नाही. ती हाताने, एकेक, उथळ डब्यात. दलदलीत पाऊल गवताच्या उंचवट्यावर टाका, हातात काठी ठेवा, आणि हिरवंगार सपाट शेवाळ दिसलं तर तिथे पाणी आहे असं समजून वळसा घ्या. वर्दळीच्या रस्त्यालगतची झुडपं कितीही लगडलेली असली तरी सोडून द्या.

निवडणी त्याच संध्याकाळी. जंगलातून येण्याआधीच फ्रीझरमध्ये जागा केलेली असावी, नाहीतर रात्री अकराला मटाराच्या पिशव्या हलवत बसावं लागतं. पुओलुक्का कडक असते, तिची उफणणीच करायची. टेबलफॅन मंद ठेवून फळं हातभर उंचीवरून घंगाळात सोडली की पानं उडून जातात. घरी सूप आणलेलं असेल तर पाखडूनही होते. मुस्तिक्का मऊ, तिला हे सोसत नाही. कलत्या पाटावर ओला जाडसर टॉवेल पसरून वरून फळं सोडा. फळं घरंगळत खाली येतात, पानं-काड्या टॉवेलला चिकटतात. गोठवायची फळं धुवायची नाहीत, धुतली की त्यांचा एकच गोळा होतो. पिशवीत जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा थर करून उणे १८ अंशांवर आडवं ठेवा, आणि पिशवीवर जात, जागा आणि तारीख लिहा. रानातून आणलेली फळं कच्ची खाता येतात. दुकानातली परदेशी गोठवलेली फळं मात्र फिनलंडच्या अन्नप्राधिकरणाच्या सल्ल्यानुसार ९० अंशांवर पाच मिनिटं तापवूनच वापरायची, कारण त्यांतून नोरोव्हायरस आणि कावीळ पसरू शकते.

पुओलुक्कात बेन्झोइक आम्ल निसर्गतःच असतं. त्यामुळे ती ठेचून, साखर घालून किंवा न घालताही, स्वच्छ बरणीत फ्रिजमध्ये महिनोन्महिने टिकते. तिचा आंबट-तुरटपणा करवंदाच्या जवळचा आहे. मोहरीची डाळ, हळद, हिंग आणि थोडा गूळ घातलेलं लोणचं हिचं छान होतं, आणि मुस्तिक्काचं होत नाही, कारण तिला आंबटपणा पुरेसा नसतो. करंटच्या रसासाठी 'मेहुमाइया' हे तीन मजली भांडं हंगामाआधीच मिळवा: तळात पाणी, मध्ये रस, वर फळांची चाळणी. दर किलो फळाला १०० ते २०० ग्रॅम साखर पुरते आणि तासभर वाफ लागते. तळातलं पाणी आटलं तर भांडं जळतं, म्हणून मध्ये एकदा बघायचंच. रस गरम असतानाच, गरम केलेल्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण लावायचं.

अंगण किंवा नगरपालिकेचा भाड्याचा वाफा असेल त्यांची तयारी सप्टेंबरात सुरू होते. रोप घेताना त्यावरचा रोमन आकडा वाचा. फिनलंडचे हवामानपट्टे नैऋत्येच्या एकपासून लॅपलंडच्या आठपर्यंत मोजतात, आणि आपल्या पट्ट्याचा आकडा पिशवीवरच्या मर्यादेत नसेल तर झुडूप पहिल्याच कडाक्यात जातं. काळ्या करंटसाठी 'मोर्त्ती' किंवा 'अयेब्यून', गूजबेरीसाठी 'हिन्नोनमॅकी', निळ्या बेरीच्या झुडपासाठी 'आइनो' किंवा 'आल्वार' या भरवशाच्या जाती. आल्वारसारख्या बुटक्या जाती टिकण्याचं कारण साधं आहे: झुडूप बर्फाखाली झाकलं जातं, वर राहिलेले शेंडे तेवढे मरतात. ट्युर्नी, म्हणजे सी-बकथॉर्न, लावायचं असेल तर 'ट्युत्ती' किंवा 'तेर्ही' या मादीबरोबर 'तार्मो' हा नर लागतोच. परागीभवन वाऱ्याने होतं, एकटं झुडूप फळणार नाही.

किनाऱ्याची माती चिकण असते. खड्ड्यात पाणी साचून गोठलं की मुळं मरतात, म्हणून २० ते ३० सेंटिमीटर उंचीचा वरंबा करून त्यावर लावा. काळं करंट कुंडीत होतं त्यापेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर खोल लावायचं, म्हणजे बुडातून नवे फुटवे येतात. दोन झुडपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवा. निळ्या बेरीला चार ते पाच सामूची आम्ल माती लागते. त्यासाठी चुना न घातलेलं पीटच (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) मागा; बागेसाठी मिळणाऱ्या नेहमीच्या पिशव्यांत चुना मिसळलेला असतो, आणि तिथेच बहुतेक रोपं पिवळी पडून बसतात. ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० खोल खड्डा पीट आणि वाळूने भरा, वर पाइनच्या सालीचं आच्छादन घाला, पाणी शक्यतो पावसाचं द्या. ऑगस्टपासून नत्र बंद. उशिरा फुटलेली कोवळी वाढ लाकूड होण्याआधी कडाक्यात सापडते.

छाटणी मार्चमध्ये, कळ्या सुटायच्या आत. काळं करंट गेल्या वर्षीच्या कोवळ्या फांदीवर जास्त फळतं, म्हणून चार वर्षांहून जुन्या काळपट फांद्या बुडातून काढा. लाल करंट मात्र जुन्या फांदीवरच्या आखूड फुटव्यांवर फळतं, त्याची कात्री जरा सांभाळून चालवा. त्याच वेळी काळ्या करंटवर कोबीच्या गड्ड्यासारखी फुगलेली गोल कळी दिसली तर ती सूक्ष्म कोळ्याची समजायची. तोडून जाळून टाका, कचऱ्यात टाकू नका. मे-जूनमध्ये फुलं आल्यावर पांढरं आच्छादनकापड हाताशी ठेवा. हवामान खातं दोन मीटर उंचीचं तापमान सांगतं, गवताजवळ ते काही अंशांनी कमी असतं. त्यामुळे अंदाज अधिक ३ किंवा ४ आला आणि आकाश निरभ्र असलं तर संध्याकाळीच झाका, आणि सकाळी भुंग्यांसाठी काढा. फळं रंगली की पक्ष्यांसाठी जाळं लावायचं ते ताणून आणि जमिनीलगत बंद करून. सैल लोंबणाऱ्या जाळ्यात पक्षी आणि हेजहॉगसारखे छोटे काटेरी प्राणी अडकून मरतात.

ऑक्टोबरमध्ये गळलेली पानं उचलून घ्या, आणि कोवळ्या सफरचंदाच्या व ट्युर्नीच्या खोडाभोवती बारीक जाळीचं वेटोळं लावा. बुडाशी ते मातीत थोडं पुरलेलं हवं, कारण मुषकासारखे मॅयरा बर्फाखालून येऊन साल कुरतडतात. उंची मात्र सशाच्या हिशोबाने ठरवा: तो बर्फावर उभा राहतो, तेव्हा मीटरभर जाळी साठलेल्या बर्फाच्या वर उरेल असं पाहा. दर जोरदार हिमवर्षावानंतर खोडाभोवतीचा बर्फ बुटांनी तुडवून घट्ट करा, म्हणजे मॅयरांना खोडापर्यंत बोगदा काढता येत नाही.